दारावरची पाटी
(साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



तुम्ही आता वाचू लागला आहात. एस.टी.ची पाटी वाचता, रेशनच्या दुकानातला फळा वाचता, औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचता. आज आम्ही एका निराळ्या पाटीविषयी बोलणार आहोत. ही पाटी दुकानाच्या, हॉटेलाच्या, मोठ्या मॉलच्या दारावर असते. तिच्यावर लिहिलेले असते, 'प्रवेशाचे हक्क राखून ठेवले आहेत.' नाही तर 'योग्य पोशाखाशिवाय आत येऊ नये.' पुष्कळ वेळा ती इंग्रजीत असते, म्हणजे ज्याच्यासाठी लावली त्यालाच ती वाचता येऊ नये! कुठे कुठे पाटी नसतेच. दाराशी गणवेशातला राखणदार उभा असतो. तो तुमच्या तोंडाकडे बघत नाही, पायांकडे बघतो.

तर प्रश्न असा आहे. गिऱ्हाइकाच्या अंगात सदरा नाही, पायात जोडा नाही, म्हणून दुकानदाराने त्याला दारातून परत पाठवावे काय?

आधी आपली जुनी चाल पाहू. ती अगदी उलटी आहे. नगरच्या कापडबाजारात जुन्या पेढ्यांवर पांढरी गादी घातलेली असे. गिऱ्हाईक वहाणा बाहेर काढी, गादीवर मांडी घालून बसे, मग लुगडी उलगडली जात. पायात जोडा घालून कोणी गादीवर चढला असता तर शेटजींनी कपाळाला हात लावला असता. आजही डॉक्टरांच्या दवाखान्यात चपला बाहेर काढायला सांगतात. शाळेत संगणक आले तेव्हा त्या खोलीबाहेरही चपलांची रांग लागली. यंत्राला चपलेचे काय वावडे होते ते आम्हांला शेवटपर्यंत कळले नाही, पण मुले हौसेने काढीत.

सदऱ्याचेही तसेच. आपल्याच जिल्ह्यात, नेवासे तालुक्यात, शनिशिंगणापूर आहे. पूर्वी तिथे चौथऱ्यावर जायचे तर पुरुषाला आंघोळ करून, ओले धोतर नेसून, उघड्या अंगाने जावे लागे. सदरा घातलेला माणूस वर चालत नसे. (बायकांना तर २०१६ सालापर्यंत चौथऱ्यावर जायलाच मज्जाव होता. मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला आणि त्यानंतर तो उठला.) म्हणजे पाहा, तोच शेतकरी, तेच उघडे अंग. देवाच्या दारात ते पवित्र आणि काचेच्या दारात ते असभ्य! सभ्यता जर सदऱ्यात असती तर ती दर दहा कोसांवर बदलली नसती.

मग 'जोडे नाहीत, सदरा नाही, तर माल नाही' ही रीत आली कुठून? ही पाटी अमेरिकेत फार प्रसिद्ध आहे. १९६०च्या दशकात तिथे हिप्पी नावाची तरुण पोरे निघाली. केस वाढवीत, अनवाणी हिंडत, अंगात घातले तर घातले. दुकानदारांना ती नकोशी झाली. त्यांना दूर ठेवायला या पाट्या ठिकठिकाणी लागल्या. लोकांची समजूत अशी की आरोग्यासाठी सरकारनेच हा नियम केला. पण गिऱ्हाइकाने जोडे घातलेच पाहिजेत असा देशभराचा सरकारी कायदा तिथे नाही. नियम दुकानदारांचा, नाव मात्र आरोग्याचे.

आरोग्याचे नाव निघाले आहे तर त्याचाही विचार करू. अनवाणी चालणे चांगले असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आकड्या जंत नावाचा एक जंत आहे. उघड्यावर शौचाला बसलेल्या जागी, ओल्या मातीत त्याची पिल्ले असतात. ती पायाच्या कातडीतून आत शिरतात, आतड्यात जाऊन रक्त पितात आणि माणूस पांढराफटक पडतो. शिवाय काटा आहे, खिळा आहे, धनुर्वात आहे. म्हणून पायात पायताण हवेच. पण एक गंमत ध्यानात घ्या. हा जंत शेताच्या बांधावर असतो, संगमरवरी फरशीवर नसतो. जिथे जोड्याची खरी गरज आहे तिथे कोणी पाटी लावीत नाही. लावतात ती जिथे गरज नाही तिथे.

आपल्या देशात या पाटीने भल्याभल्यांना अडवले आहे. मकबूल फिदा हुसेन हे मोठे चित्रकार. जन्म पंढरपूरचा. ते अनवाणी चालत. १९८८ साली मुंबईच्या विलिंग्डन क्लबात त्यांना पायात जोडे नाहीत म्हणून आत घेतले नाही. २०१४च्या जुलै महिन्यात चेन्नईच्या एका क्रिकेट क्लबात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनाच दारात थांबवले. त्यांचा गुन्हा काय? धोतर नेसले होते. तिकडे त्याला वेष्टी म्हणतात. दुसऱ्यांचा न्याय करणारा माणूस, पण दारावर त्याचा न्याय धोतराने झाला. तमिळ लोक खवळले. पुढच्याच महिन्यात तमिळनाडूच्या विधानसभेने कायदा केला की धोतर किंवा आपला पारंपरिक पोशाख घातला म्हणून क्लब, संस्था, कंपनी अशा सार्वजनिक जागी कोणाला अडवता येणार नाही. अडवले तर परवाना जाईल आणि कैदही होऊ शकेल.

दहा वर्षांनी, जुलै २०२४ मध्ये, बंगळुरूला काय झाले ते तुमच्यापैकी काहींनी टी.व्ही.वर पाहिले असेल. हावेरी जिल्ह्यातला एक म्हातारा शेतकरी मुलाबरोबर सिनेमा पाहायला मॉलमध्ये गेला. तिकिटे काढलेली होती. धोतर पाहून राखणदाराने अडवले. मुलाने ते सगळे टिपले आणि देशभर दाखवले. शेतकऱ्यांच्या संघटना दारात येऊन बसल्या. मॉलवाल्यांनी माफी मागितली, म्हाताऱ्याचा सत्कार केला; पण कर्नाटक सरकारने तो मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. सत्कार करण्यापेक्षा आधीच आत सोडले असते तर स्वस्तात पडले असते.

आता ही माणसे न्यायमूर्ती, चित्रकार. बंगळुरूचा म्हातारा साधा, पण त्याचा मुलगा शिकलेला, हातात फोन असलेला. ज्याच्यासाठी कोणी बोलत नाही त्याचे काय? काही वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो, आमच्या डोळ्यांपुढची. गावाचे आणि पेढीचे नाव सांगत नाही.

पावसाळा होता. एक म्हातारे शेतकरी कांदा विकून आले होते. अंगात बंडी, डोक्याला फेटा, बाजाराच्या चिखलात चप्पल तुटलेली, म्हणून अनवाणी. लेकीचे लग्न ठरलेले. बंडीच्या आतल्या खिशात कांद्याचे पैसे. ते एका नव्या, काचेच्या दाराच्या सराफी दुकानाशी गेले. राखणदार म्हणाला, "बाबा, तसं आत जाता यायचं नाही."

"का रं? पैसं हायेत की माझ्यापाशी."

"पैशाचं नाही बाबा. पायात काही नाही तुमच्या, चिखल हाय. फरशी खराब होती. मला बोलणी बसत्यात. वर क्यामेरा हाय."

म्हातारबाबा भांडले नाहीत. आम्ही मधे पडून त्या पोराला दोन शब्द बोलू लागलो, तर त्यांनीच आम्हांला थांबवले. म्हणाले, "गुरुजी, त्याला कशाला बोलता? ते लेकरू पोटासाठी हुबं हाय." त्या राखणदाराच्या पायांतले चकचकीत बूटही कंपनीचे होते. नोकरी सुटली की परत द्यायचे.

पलीकडच्या गल्लीत एक जुनी पेढी होती. आम्ही दोघे तिकडे गेलो. तिथेही पांढरी गादी, तिथेही चिखलाचे पाय चालणारे नव्हते. जुने शेटजी उठले नाहीत, फक्त पोऱ्याला म्हणाले, "पाटलांना तांब्या दे." पोऱ्याने पायरीवर पाणी दिले, पुसायला फडके दिले. म्हातारबाबांनी पाय धुतले, गादीवर बसले आणि लेकीचे मणी-डोरले, कानातले घेऊन गेले.

फरशी दोन्ही दुकानांना प्यारी होती. एकाने दार लावले, दुसऱ्याने तांब्या दिला. आपल्या घरी पाहुणा आला की आपण तरी काय करतो?

दुकानदारांचीही बाजू आहे. ती ऐकली पाहिजे. ते म्हणतात, दुकान आमचे, भांडवल आमचे, कर्जाचे हप्ते आम्ही भरतो. कोणाला घ्यावे हे आम्हीच ठरवणार. एक दारू प्यालेला, अंगाला वास येणारा माणूस आत आला की चार घरंदाज गिऱ्हाइके उठून जातात. यात काही खोटे नाही. दारू पिऊन आलेल्याला जरूर बाहेर काढावे. पण तो जोडे घालून आला असला तरी काढावे! वागणुकीवर नियम करा, आमचे काही म्हणणे नाही. राहिले 'दुकान आमचे' हे. घराचा उंबरा आणि दुकानाचा उंबरा एक नव्हे. घरात कोणाला बोलवावे हा तुमचा प्रश्न. पण रस्त्यावर पाटी लावून, दिवे लावून 'या, या' म्हणून सगळ्या गावाला हाक मारली, की मग आलेल्यांतले निवडायला बसता येत नाही.

हे आम्हीच म्हणतो असे नाही. आपल्या राज्यघटनेतही आहे. घटनेचे १५ वे कलम आहे, त्याचा दुसरा भाग वाचा. दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीच्या जागा यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही. 'प्रवेशाचे हक्क राखून ठेवले आहेत' ही पाटी कितीही मोठ्या अक्षरांत लिहा, ती घटनेपेक्षा मोठी होत नाही. १९५५ साली अस्पृश्यतेविरुद्ध कायदा झाला. अस्पृश्यतेच्या कारणाने माल विकायला नकार देणे हा तेव्हापासून गुन्हा आहे.

मात्र पोशाख हा शब्द त्या १५ व्या कलमात नाही. तिथेच पळवाट आहे. जात विचारता येत नाही, म्हणून कपडे बघायचे! आणि आपल्याकडे कपड्यांवरून जात ओळखण्याची सवय फार जुनी. ज्यांना अस्पृश्य म्हटले त्यांना पाटलाच्या वाड्यापुढून जाताना वहाणा हातात घ्याव्या लागत. चांगले लुगडे नेसले तरी लोकांच्या डोळ्यांत खुपे. म्हणून तर डॉक्टर आंबेडकरांनी १९२७च्या डिसेंबरात महाडला बायकांना सांगितले की ज्या नेसण्यावरून आणि दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते सोडून द्या, नीटनेटके नेसा. ही गोष्ट इतकी जुनी होऊनही संपली नाही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचाराच्या कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. तीत लिहावे लागले की दलित किंवा आदिवासी माणसाला सार्वजनिक जागी पायताण घालण्यापासून किंवा नवे कपडे घालण्यापासून अडवणे हा गुन्हा आहे. विचार करा. काल ज्याला सांगितले, 'वहाण काढ, तुझी पायरी ओळख,' त्याच्याच नातवाला आज सांगतात, 'बूट घालून ये, नाही तर आत येऊ नको.' शब्द उलटे झाले, माणूस तोच बाहेर राहिला.

कोणी म्हणेल, गुरुजी, मग नियमच नको काय? नको असे नाही. पिठाच्या गिरणीत लोंबता पदर घेऊन पट्ट्याजवळ जाऊ देत नाहीत, ते बरोबर आहे. पट्ट्यात पदर अडकला तर जीव जातो. वेल्डिंगच्या शेडमध्ये अनवाणी जाऊ देऊ नये. शस्त्रक्रियेच्या खोलीत त्यांचेच कपडे घालावे लागतात. तिथे नियम मोडणारा आपल्याच पायावर धोंडा मारून घेतो.

आणि एक उदाहरण घ्या, अकोले तालुक्यातले. पावसाळ्यात भंडारदऱ्याला पुण्या-मुंबईची मंडळी गाड्या भरभरून येतात. धबधब्यात भिजलेली तरुण पोरे उघड्या अंगाने, आरडाओरडा करीत हॉटेलात शिरतात. तिथे बायकामुले जेवत असतात. हॉटेलवाला म्हणाला, "दादा, आधी सदरा घाला, मग बसा," तर आम्ही हॉटेलवाल्याच्या बाजूचे. कारण त्या पोराचा सदरा गाडीत आहे. पण त्याच वेळी त्याच हॉटेलात भाताची लावणी सोडून एखादा ठाकर किंवा महादेव कोळी गडी चहाला येईल. पाय चिखलाचे, अंगावर इरले, आत सदरा नाही. त्यालाही तोच नियम लावायचा काय? आमचे मत स्पष्ट आहे. लावू नये. पोराला सदरा घालायला सांगणे म्हणजे वागणूक सुधारायला सांगणे. लावणीच्या गड्याला तेच सांगणे म्हणजे तू गरीब आहेस, बाहेर राहा असे सांगणे. नियमाचे शब्द एकच असले म्हणून नियम एक होत नाही.

देवळांचे काय, असे काल वर्गातल्या एका बाईंनी विचारले. देऊळ काही दुकान नव्हे, तरी थोडे सांगतो. शिर्डीला डिसेंबर २०२० मध्ये सभ्य पोशाखात यावे अशा पाट्या लागल्या. खूप वाद झाला. संस्थानने सांगितले, हे आवाहन आहे, सक्ती नाही. २०२३ साली जिल्ह्यातल्या आणखी काही देवळांनी पोशाखाचे नियम जाहीर केले. आवाहन करावे, ज्याला पटेल तो मानेल. पण ज्या साईबाबांच्या दर्शनाला आपण जातो ते ठिगळांची कफनी घालीत, एवढे ध्यानात असू द्यावे.

कपडा आणि स्वच्छता या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे गाडगेबाबांइतके कोणी शिकवले नाही. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगे, हातात खराटा. गावात शिरले की आधी गाव झाडायचे. आजच्या काचेच्या दारावर त्यांना नक्कीच अडवले असते, आणि आतली फरशी त्यांच्याइतकी स्वच्छ कोणालाच करता आली नसती. जोतीराव फुले १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कनॉटच्या मेजवानीला गेले ते मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेशात. दागदागिन्यांनी सजलेल्या मंडळींत उभे राहून त्यांनी राणीच्या मुलाला सांगितले की हे लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खरा हिंदुस्थान खेड्यात आहे. १९३१ साली गांधीजी लंडनच्या राजवाड्यात पंचा नेसून, शाल पांघरून गेले. बादशहाच्या दाराला जे चालले ते आमच्या तालुक्याच्या दुकानाला चालू नये काय?

म्हणून आमचे दुकानदारांना सांगणे एवढेच. फरशी जपायची तर दाराशी नळ बसवा, पायपुसणे टाका, चार जोड रबरी चपला ठेवा. अंग झाकलेच पाहिजे असे वाटत असेल तर दोन उपरणी खुंटीला टांगा. जो नियम गरिबाला जागच्या जागी, फुकट पाळता येतो तो नियम खुशाल ठेवा. ज्यासाठी त्याला घरी परत जाऊन नवे कपडे विकत घ्यावे लागतात तो नियम काढून टाका. आणि तमिळनाडूने केला तसा कायदा आपल्या राज्यानेही करावा, असे आमचे मत आहे.

तुम्हांला काही सांगायचे तर हे. कोणी दारात अडवले तर राखणदाराशी भांडू नका. मालकाला किंवा मॅनेजरला बोलवा. शांतपणे विचारा, "नियम कुठे लिहिला आहे? दाखवा." 'योग्य पोशाख' म्हणजे काय, ते त्याला सांगायला लावा. बहुतेक वेळा त्याला सांगता येत नाही. जातीवरून काही बोलला तर तारीख, वेळ आणि तिथे हजर असलेल्यांची नावे लिहून घ्या आणि पोलीस ठाण्यात तक्रार द्या. तक्रार घेतली की तिची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. आता तुम्हांला लिहिता येते. अंगठा उठवणाऱ्याला हे जमत नव्हते.

पुढच्या मंगळवारी वर्गाला येताना एक काम करून या. बाजाराच्या दिवशी पेठेतून हिंडा. दुकानांच्या, हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या दारांवर ज्या पाट्या असतील त्या वहीत जशाच्या तशा उतरवून आणा. इंग्रजी असेल तर अक्षरे तरी उतरवा, इथे आपण मिळून वाचू. प्रत्येक पाटीपुढे एक शब्द लिहा, 'कशासाठी?' ज्या पाटीचे उत्तर सापडेल तिच्यापुढे बरोबरची खूण करा. ज्या पाटीचे सापडणार नाही ती फळ्यावर लिहू आणि त्या दुकानदाराला इथे चहाला बोलावून त्यालाच विचारू.